माझ्या वाट्याचं आधी लिवा

सहकार खात्यात नोकरी केलेल्या माणसाला आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात लग्नाचं आमंत्रण येतं, पण पंगतीत त्याला कुणाशेजारी बसवायचं याचा घोळ होतो. डावीकडे बसलेल्याला मी नोटीस काढलेली असते, उजवीकडच्याला काढायची असते. लोक तसे प्रेमळ. वाढप्याला ओरडून माझ्या पानात जिलेबी घालायला लावायचे आणि माझी पाठ फिरली की म्हणायचे, "आला बघा अठ्ठ्याऐंशीवाला."

हे अठ्ठ्याऐंशी प्रकरण बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. सहकारी संस्था बुडाली की कायद्यानं आधी एक चौकशी होते. नेमकं काय झालं, एवढंच ती विचारते. तिला कुणी घाबरत नाही, कारण तिच्या अहवालात 'अनियमितता आढळून आली', 'पुरेशी दक्षता घेतली गेली नाही' अशी वाक्यं असतात. अनियमितता जशी काही पावसाळ्यात आपोआप उगवते! दुसरी चौकशी कलम अठ्ठ्याऐंशीची. ती विचारते, हे कुणामुळे झालं आणि त्यानं किती भरायचं. इथं माणसाचं नाव लिहावं लागतं, पुढं रक्कम लिहावी लागते, आणि ती त्याच्या घरादारातून वसूल करता येते. नोकरीच्या शेवटच्या काळात या दुसऱ्या चौकशीचं काम माझ्याकडे बऱ्याचदा आलं. खात्यात ते कुणाला नको असायचं. मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होतो, त्यामुळे फाईल फिरत फिरत माझ्याच टेबलावर येऊन थांबायची.

चौकशीला येणाऱ्या संचालकांच्या तऱ्हा सांगायच्या तर अंक पुरायचा नाही. एका संचालकांची स्मृती माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला की जायची. कर्ज कुणाला दिलं आठवत नाही, बैठकीला हजर होतो की नव्हतो आठवत नाही. तेच गृहस्थ बाहेर चहाच्या गाड्यावर मागच्या निवडणुकीत कुठल्या गावानं किती मतांनी दगा दिला ते घडाघडा सांगायचे. दुसऱ्या एकानं अंथरुणावरून उठता येत नसल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवलं. त्याच रविवारी ते मला कुस्तीच्या मैदानात पहिल्या रांगेत दिसले, तेही उभं राहून आरोळ्या ठोकताना. आणि सह्याजीराव तर पैशाला पासरी. "साहेब, मी फक्त सही केली," असं ते इतक्या निरागसपणे सांगायचे की सही करणं म्हणजे शिंक येणं असावं असं वाटायचं. हसू यायचं आणि त्याच वेळी डोक्याची शीर उडायची. या माणसांच्या सहीवर लोकांच्या पोरींची लग्नं ठरत होती आणि मोडत होती.

यातलं एकच प्रकरण सांगतो. ते मला अजून झोंबतं.

आमच्याकडची एक सहकारी बँक. नाव लिहीत नाही. तिच्या अध्यक्षांच्या जावयानं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाचा कारखाना काढायचं ठरवलं आणि सासऱ्याच्या बँकेनं त्याला भरभरून कर्ज दिलं. तारण पुरेसं नाही असा शेरा शाखाधिकाऱ्यानं मारला होता, त्याची बदली झाली. मी पाहणीला गेलो तेव्हा तिथं पत्र्याची एक मोठी शेड, वर रंगीत पाटी आणि आत रखवालदाराच्या दोन शेळ्या होत्या. मशिनरी म्हणाल तर पाण्याची एक मोटार. रखवालदार घाईघाईनं म्हणाला, "पावणं, ती माजी हाय बरं का, तेवढी लिवू नका."

असली कर्जं साचत गेली. वरून निर्बंध आले आणि एका सकाळी शाखांच्या दारात लोक जमले. आपलेच पैसे, आपल्यालाच काढता येईनात. महिनोन् महिने हे चाललं. शेवटी सरकार धावून आलं. सरकारनं तिजोरीतून बँकेत पैसा घातला, बँक उघडली आणि ठेवीदारांना त्यांच्या ठेवी मिळाल्या. बँक वाचवली याबद्दल माझी तक्रार नाही. आग लागली तर पाणी मारावंच लागतं. पण त्यानंतर जे झालं त्याचा मला संताप आला. बँक वाचल्याचा मेळावा झाला. हलगी घुमली, फेटे बांधले गेले, आणि आमच्या खात्याच्या मंत्रिमहोदयांचा सत्कार कुणी केला? त्याच अध्यक्षांनी. दोघं एकमेकांना हार घालत होते आणि खाली टाळ्या पडत होत्या. तिजोरीतला पैसा म्हणजे काही मंत्र्यांची वडिलोपार्जित जमीन विकून आलेला नव्हता. काडेपेटी विकत घेणाऱ्या प्रत्येक माणसानं तो कराच्या रूपानं भरला होता. तो कुणामुळे खर्च झाला, हे त्या मेळाव्यात एकानंही विचारलं नाही.

विचारलं ते गंगाक्कानं. तिच्या अर्जावरून चौकशी लागली आणि फाईल माझ्याकडे आली.

गंगाक्का माहेरची सीमेवरच्या कन्नड मुलखातली, लिंगायत घरची. लग्न होऊन जोतिबाच्या डोंगरावर आली आणि नवऱ्यामागं गुलाल-खोबऱ्याचं दुकान तिनं एकटीनं चालवलं. दुकान भाड्याचं, पण पायऱ्यांवरच्या मोक्याच्या जागेचं. सगळा डोंगर तिला अक्का म्हणतो. ती पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली.

"सायब, आमचं सालभराचं पोट चैताच्या यात्रेवर. यात्रेच्या आदी बँकेतनं पैसं काढायचं, लक्षीमपुरीच्या बाजारातनं खोबरं भरायचं, मालकाला जागंचं भाडं द्यायचं. औंदा गेलतो पैसं काढायला तर दाराला कुलूप. माल न्हाई, भाडं न्हाई. समूर यात्रा चाललीय, आन माजं दुकान रिकामं! मालकानं जागा दुसऱ्याला दिली. आता सरकारनं पैसं दिलं म्हंत्यात. दिलं की, मी न्हाई कुटं म्हंतोय? पर माजी यात्रा बुडाली ती कुणी बुडवली, त्येचं नाव मला पायजे."

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, परमुलखातल्या वाचकांनी दचकू नये. तिला नुकसानभरपाई मिळणार नव्हती आणि ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. अठ्ठ्याऐंशीत जे वसूल होतं ते बँकेच्या पदरात पडतं, ठेवीदाराच्या नाही. ती म्हणाली, "मला नगं. त्येनी भरलेलं मला बगायचं हाय." एवढ्यासाठी ती डोंगरावरून एसटीनं प्रत्येक सुनावणीला यायची. दुकान गेल्यावर ती पायरीवर गुलाल-खोबऱ्याची बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन बसत होती. सुनावणीच्या दिवशी तीही बंद राहायची.

आता इथं आमच्या मुलखातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

बुडीत कर्ज वसूल होणार नाही असं मानून हिशेबातून बाजूला काढतात, त्याला निर्लेखन म्हणतात. त्याला सभासदांच्या वार्षिक सभेची मंजुरी घेतात. आमच्याकडची वार्षिक सभा ज्यानं पाहिली नाही त्यानं काहीच पाहिलं नाही. मंडप, लाऊडस्पीकर, मागं जेवणाच्या पंगतीची तयारी आणि पुढच्या रांगेत मुद्दाम बसवलेली घसा तयार ठेवलेली मंडळी. विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर! मंजूर!" असा गजर होतो. विरोधकानं तोंड उघडलं तर त्याच्या हातातला माईक बंद पडतो. पण कागदावर सगळं कायदेशीर लागतं. प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. ती नावं बँकेचं ऑफिस आधीच ठरवून ठेवतं. आणि गंमत अशी की आपलं नाव सूचक म्हणून पुकारलं जाणं हा लोकांना मान वाटतो. नाव पुकारतात, व्यासपीठावर बोलावतात, नारळ देतात, अहवालात नाव छापून येतं. पाहुण्यारावळ्यांत तो अहवाल दाखवला जातो. आपण नेमकं काय सुचवलं, हे कुणी वाचत नाही.

सुनावणीत संचालकांचे वकील उठले. कोल्हापुरातले नाणावलेले वकील, आवाज तुपासारखा. म्हणाले, "साहेब, या कर्जाच्या निर्लेखनाला सर्वसाधारण सभेनं एकमतानं मंजुरी दिली आहे. सभा सर्वोच्च असते. सभेनं माफ केलेल्या गोष्टीसाठी संचालकांना जबाबदार कसं धरणार? आणि हा ठराव मांडला कुणी? सूचक म्हणून ज्यांचं नाव आहे त्याच आज तक्रारदार म्हणून इथं बसल्या आहेत."

सगळ्यांच्या माना गंगाक्काकडे वळल्या. एक संचालक मिशीतल्या मिशीत हसला. मला वाटलं, संपलं. ही आता म्हणेल की सही माझी नाही, मी सभेला नव्हते, मला फसवलं. गेली कित्येक वर्षं मी हेच ऐकत आलो होतो, तेही शिकलेल्या माणसांच्या तोंडून.

गंगाक्का उठली. "व्हय. मीच सूचक हाय."

"मग तुम्हीच सुचवलं बाई, आता दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवता?" वकील म्हणाले.

"बाई म्हणू नका, अक्का म्हणा. आन बोट मी माज्याकडं बी दावालोय की. सायब, लिवून घ्या. बँकेचा मानूस दुकानात आलता. म्हणला, अक्का, औंदा बाईमानसाचं नाव पायजे, तुमचं घालू का? मी म्हणलो, घाला की. कशाला घालताय ते इचारलं न्हाई. स्टेजवर बोलावलं, नारळ दिला, लुगडं दिलं, खुशीत घरला गेलो. जावयाचं कर्ज हाय ते ठावं नव्हतं, पर इचारायला तोंड तर हुतं नव्हं माजं? चुकलंच की. मग बुडाल्यातलं माज्या वाट्याला काय येतंय ते आदी लिवा. माज्या वाट्याचं आदी लिवा, आन त्येच्या खाली ह्या समद्यांचं लिवा."

मिशीतलं हसू विझलं होतं. वकीलसाहेब कागद चाळू लागले. मी इतकी वर्षं त्या खुर्चीत बसलो, जबाबदारी निश्चित करायच्या आदेशांची चळत उपसली, पण आपण होऊन 'माझ्या नावावर लिहा' म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही. चष्मा काढून पुसला.

मग ती खाली बसता बसता म्हणाली, "आन सायब, सरकारावर कुठलं कलम लावतासा?"

"सरकारवर?"

"सालोसाल तुमची मानसं हिशेब तपासाय येत हुती न्हवं? अ वर्ग दिलाय म्हणून बँकेनं बोर्ड लावलता. त्यो बोर्ड बघूनच आमी पैसं ठेवलं की."

आमच्याच खात्याच्या यादीवरच्या लेखापरीक्षकांनी त्या बँकेला वर्षानुवर्षं अ वर्ग दिला होता. ती शेड, त्या शेळ्या कुणीही जाऊन पाहू शकलं असतं, कागल काही समुद्रापलीकडे नाही. मी म्हणालो, "अक्का, सरकारवर लावायचं कलम या कायद्यात नाही." मी खरं तेच सांगितलं होतं, तरी मला त्या खुर्चीची शरम वाटली.

आदेश मी मनापासून लिहिला. सभेनं निर्लेखन मंजूर केलं म्हणून कर्ज देतानाचा गुन्हा धुऊन निघत नाही, असं लिहिलं. कर्ज कुणाचं आहे हे सभेपासून लपवलं, तेव्हा ती मंजुरी अजाणतेपणी दिलेली होती, हेही लिहिलं. संचालकांची नावं आणि त्यांच्यापुढच्या रकमा लिहिल्या. अ वर्गाबद्दल एक परिच्छेद लिहिला, तर वरिष्ठांचा फोन आला, "हे कशाला? विषयाला सोडून आहे." मी तो ठेवला. गंगाक्काच्या नावापुढं मात्र मला काही लिहिता आलं नाही. सूचकाकडून वसुली करायची कायद्यात तरतूदच नाही, आणि तिनं फसून केलेल्या गोष्टीचा दंड लावायला माझा हातही उचलला नसता. तिला हे कळवलं तेव्हा ती रागावली. म्हणाली, "मग त्येनी म्हंतील, हिला सोडलं आन आमास्नी धरलं."

संचालकांना तसं म्हणायची वेळच आली नाही. आमच्या आदेशावर अपील कुणाकडे होतं ठाऊक आहे का? मंत्र्यांकडे. फेटा बांधून घेतलेल्या त्याच मंत्रिमहोदयांच्या दालनात अपील गेलं आणि पहिल्याच तारखेला स्थगिती मिळाली. 'पुढील आदेशापर्यंत.' पैसा सरकारचा गेला आणि वसुली थांबवलीही सरकारनंच. ज्याचं घर फोडलं त्या मालकानंच फौजदाराला सांगावं की चोराला त्रास देऊ नका, यातला प्रकार. पुढील आदेश आजतागायत आलेला नाही. पुढची निवडणूक मात्र आली. बँकेवर तीच माणसं पुन्हा निवडून आली आणि बँकेच्या खर्चानं वकील लावायचा ठरावही सभेत मंजूर झाला. कुणी सुचवला ते मी वाचलं नाही.

मी निवृत्त झालो. एका सकाळी गंगाक्का पत्ता शोधत माझ्या घरी आली. पदराच्या गाठीत नोटा होत्या. म्हणाली, "सायब, मला ट्रेझरीत घेऊन चला. पैसं सरकारच्या तिजोरीतलं गेलं, तितंच माजं मी भरतो."

"अहो, तुम्ही काही लागत नाही. कशाला भरताय?"

"मला म्हाईत हाय लागत न्हाई ते. पर एकीनं भरलंय म्हणून पावती पायजे मला. ती घेऊन एकेकाच्या दारात जातो. म्हणतो, ह्ये बगा, बुट्टीवालीनं भरलंय, आता तुमी कदी भरतासा?"

मी तिला समजावायला हवं होतं. पण खरं सांगतो, मलाही ती पावती हवी होती. आम्ही कोषागारात गेलो. खिडकीमागची बाई सौजन्यानं बोलली.

"कशाबद्दल भरणार?"

"बँक बुडवली त्येचं," गंगाक्का म्हणाली.

तिथं पैसे भरायचे तर कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारच्या कुठल्या खात्यावर, ते सांगावं लागतं. त्या बाईनं कॉम्प्युटरवर खूप शोधलं. बँकांना मदत द्यायला लेखाशीर्ष होतं. बँक बुडवणाऱ्याकडून परत घ्यायला नव्हतं. ती म्हणाली, "आजी, असं करा, मदत निधीत द्या. देणगीचं सर्टिफिकेट मिळेल."

"देणगी न्हाई ही," गंगाक्का कडाडली. "दंड हाय!"

आजूबाजूची खिडक्यांवरची माणसं वळून बघायला लागली. कोषागाराचे साहेब बाहेर आले, त्यांनी मला ओळखलं, चहा पाजला. म्हणाले, अर्ज द्या, मंत्रालयातून मार्गदर्शन मागवतो. अर्ज मी लिहिला, तिनं सही केली. सही करण्याआधी या खेपेला तिनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

उत्तर आलं ते माझ्या पत्त्यावर. मी ते घेऊन डोंगरावर गेलो. रविवार होता, पायऱ्या गुलालानं माखल्या होत्या, आणि तिच्या जुन्या दुकानात दुसरंच कुणी खोबरं मोजत होतं. गंगाक्का खालच्या अंगाला बुट्टी मांडून बसली होती. तिथंच तिच्याशेजारी बसून मी वाचलं. जबाबदारी निश्चितीच्या आदेशास शासनाची स्थगिती असल्याने सदर प्रकरणी कोणाकडूनही रक्कम स्वीकारता येणार नाही.

"कुणाकडनंच न्हाई?"

"कुणाकडूनच नाही."

"माज्याकडनं बी न्हाई?"

मी मान हलवली. यात्रा बुडाली, जागा गेली, तेव्हा ही बाई रडली नव्हती, आल्या आल्या भांडायला उभी राहिली होती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिनं गुलालाच्या हातानंच पुसलं.

"म्हंजे मला बी त्यांच्यातच नेऊन बसवलं की ओ, सायब," ती म्हणाली. "ती बी सुटली, आन मी बी सुटलो."